सावली हेही औषधच: अशोकाच्या सडकेपासून जळकोटच्या चौपदरी रस्त्यापर्यंत



एप्रिल सुरू झाला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, मोबाईलवर तर ३९ दाखवत होतं. एवढ्या उन्हाची आपल्याला सवय आहे. मग मला चक्कर का आली?" विचारणारे बहुतेक वेळा बसची वाट पाहत थांबलेले असतात, फाट्यावर कलिंगडं विकणारे असतात किंवा मातीकामावरून आलेले असतात. त्यांना मी उलट विचारतो, "सावलीत होतात का? आणि सावली कशाची होती?" दुसरा प्रश्न ऐकून काही जण हसतात. सावली ती सावली, त्यात झाडाची काय आणि पत्र्याची काय!

फरक आहे, आणि तो मोठा आहे. गंमत म्हणजे आपल्या पूर्वजांना तो उपकरणाशिवाय कळत होता. आज आपल्याकडे उपकरणं आहेत, पण सावली मात्र आपल्या हिशेबातून गळून पडली. ती कशी गळली आणि त्याची किंमत आपलं शरीर कसं मोजतं, हे आज बघूया.

सडकेवरचं गाव

धाराशिव जिल्ह्यातलं, तुळजापूर तालुक्यातलं जळकोट तुम्ही पाहिलं असेल. (लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं जळकोट वेगळं.) सोलापूरहून हैदराबादकडे निघालं की नळदुर्ग ओलांडल्यावर हे गाव लागतं. उमरग्याकडे जाणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी इथून गेलेला असतो. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थानात शिरलेलं भारतीय सैन्यही सोलापूरकडून नळदुर्गमार्गे याच वाटेनं आलं.

रस्त्यांची आणि वाटसरूंची सवय या जिल्ह्याला फार जुनी आहे. आपलं तेर म्हणजे प्राचीन तगर. 'पेरिप्लस' या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव येतं. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या गावाचा माल गाड्यांवर लादून पार भडोचच्या बंदरापर्यंत जायचा. आता विचार करा, बैलांच्या चालीनं दहा-दहा दिवस चालणाऱ्या माणसाला आणि जनावराला वाटेत सगळ्यात आधी काय लागत असेल? पाणी आणि सावली.

औषध, विहीर आणि झाड एकाच यादीत

ही गरज ओळखून तिला राज्याचं काम मानल्याची सगळ्यात जुनी लेखी नोंद आपल्याला सम्राट अशोकाकडे सापडते. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातल्या त्याच्या दुसऱ्या शिलालेखात, म्हणजे आज्ञालेखात, एक यादी आहे. माणसांसाठी आणि जनावरांसाठी उपचारांची सोय केली, जिथं औषधी वनस्पती नव्हत्या तिथं त्या आणून लावल्या, रस्त्यांवर विहिरी खणल्या आणि झाडं लावली, असा त्याचा आशय. दिल्लीला नेलेल्या टोपऱ्याच्या स्तंभावरचा सातवा लेख तर आणखी स्पष्ट आहे. रस्त्याकडेला वड लावले ते माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून, असं तिथं कारणासह नोंदवलं आहे.

डॉक्टर म्हणून मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. दवाखाना, औषध, विहीर आणि झाड ही सगळी एकाच यादीत आहेत. झाड हे शोभेच्या खात्यात टाकलेलं नाही.

हा सगळा इतिहास दूर उत्तरेत घडला असं समजू नका. अशोकाच्या आज्ञालेखांचे तुकडे आपल्याकडे नालासोपाऱ्याला सापडले आहेत आणि जळकोटहून सीमा ओलांडली की लागणाऱ्या कलबुर्गी जिल्ह्यात, सन्नतीलाही सापडले आहेत.

पुढे मराठेशाहीत रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त झाडांचा विषय येतो. तिथं मुद्दा सावलीचा नाही, आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा आहे. तरी त्यातली समज पाहण्यासारखी आहे. आंबा-फणसाची झाडं रयतेनं लेकरासारखी वाढवलेली असतात, ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, म्हणून जबरदस्तीनं तोडू नयेत. एखादं झाड फारच जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊनच घ्यावं, असा त्याचा आशय. तोडायला एक दिवस लागतो आणि वाढायला एक पिढी, हे त्या काळच्या कारभाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं.

राजाला पाणी महाल, रयतेला पार

नळदुर्गचा किल्ला पाहिला असेल तर बोरी नदीवरच्या बंधाऱ्यात बांधलेला पाणी महाल तुम्हाला आठवेल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं हे काम. बंधाऱ्याच्या पोटात खोली आहे आणि पावसाळ्यात नदी भरली की समोरून पाणी कोसळतं. जाड दगड, पाण्याचा शेजार आणि वाहती हवा यांमुळे आत गेल्यावर अंगाला एकदम गारवा जाणवतो.

राजाकडे पाणी महाल होता, रयतेकडे पार होता. वड, पिंपळ किंवा कडुनिंब, त्याभोवती दगडी ओटा. गावाचे निवाडे, गप्पा, पोथी आणि दुपारची डुलकी हे सगळं तिथंच व्हायचं. घरं माळवदाची. मातीचं जाड छत दिवसाची उष्णता सावकाश आत येऊ द्यायचं. पण रात्री तीच साठलेली धग खोलीत उतरायची, म्हणून माणसं अंगणात किंवा माळवदावर बाज टाकून झोपायची. म्हणजे दिवसा झाडाखाली आणि रात्री उघड्या आभाळाखाली. दोन्ही सवयींमागे पक्कं विज्ञान आहे. ते पुढे सांगतो.

डॉक्टर झाडांकडे वळले

एकोणिसाव्या शतकात झाडांचा प्रश्न पुन्हा डॉक्टरांच्या हातात आला. मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक, १८४७ साली नेमलेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन, हे पेशानं शल्यचिकित्सक होते. पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे ते प्रमुख होते आणि तिथं औषधी वनस्पती वाढवत. सह्याद्री आणि कोकणातली जंगलं तुटली की झरे आटतात, असा इशारा त्यांनी सरकारला वारंवार दिला.

तिकडे न्यूयॉर्कमध्ये डॉ. स्टीफन स्मिथ शहराच्या आरोग्य खात्यात काम करत होते. उन्हाळ्यातल्या कडक उष्म्यात मृत्यू वाढतात, आणि त्यातही लहान मुलांचे जास्त, हे त्यांना नोंदींमध्ये दिसत होतं. आज आपल्याला माहीत आहे की त्यातले बरेच मृत्यू नासलेल्या दुधामुळे आणि दूषित पाण्यामुळे होत आणि उष्णता त्याला हातभार लावत असे. पण तापलेल्या विटा-दगडांच्या गल्ल्यांमध्ये माणसाचं शरीर हरतं, हे त्यांचं निरीक्षण खरं होतं. रस्त्यांवर झाडं लावा, हा सार्वजनिक आरोग्याचा उपाय आहे, असं ते कित्येक वर्षं सांगत राहिले. १८९९ साली त्यांनी यावर एक सविस्तर लेख लिहिला आणि १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरच्या झाडांची जबाबदारी कायद्यानं उद्यान खात्याकडे आली.

उष्णता मोजायची कशी?

आता मोबाईलवरच्या ३९ कडे येऊ. हा आकडा म्हणजे सावलीत, हवेशीर पेटीत ठेवलेल्या तापमापकानं मोजलेलं हवेचं तापमान. तुम्ही मात्र त्या पेटीत उभे नसता.

शरीराला उष्णता फक्त हवेतून मिळत नाही. डोक्यावरून सूर्य तापवतो, खालून डांबर किंवा काँक्रीट, बाजूनं भिंत आणि वरून पत्रा. स्वच्छ आकाश असताना भर दुपारी जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते. चुलीजवळ बसल्यावर हवा फार गरम नसतानाही चेहरा भाजतो ना? तीच गोष्ट इथं होते. तिला प्रारण म्हणतात.

हे सगळं एकत्र मोजायला शास्त्रज्ञांना बराच काळ लागला. १९०५ साली जे. एस. हाल्डेन यांनी गरम खाणींतल्या अभ्यासातून दाखवलं की माणूस किती तग धरेल हे साध्या तापमानापेक्षा ओल्या कापडाच्या तापमापकावरून जास्त चांगलं कळतं. कारण घाम वाळला तरच शरीर गार होतं. एक लीटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. घाम नुसता निथळून गेला तर मात्र काही उपयोग नाही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हर्नन या शरीरक्रियाशास्त्रज्ञानं तांब्याच्या पोकळ, काळ्या रंगवलेल्या गोळ्यात तापमापक ठेवला. हा काळा गोळा सूर्याची आणि आजूबाजूच्या तापलेल्या वस्तूंची धग शोषून दाखवतो. पुढे अमेरिकेतल्या लष्करी प्रशिक्षण केंद्रात जवानांना वारंवार उष्माघात होऊ लागला, तेव्हा १९५७ साली याग्लू आणि मिनार्ड यांनी या सगळ्यांचा मिळून एक आकडा तयार केला. त्यात ७० टक्के वजन ओल्या तापमापकाला, २० टक्के काळ्या गोळ्याला आणि फक्त १० टक्के साध्या हवेच्या तापमानाला आहे.

पाहिलंत? मोबाईलवर आपण ज्या आकड्यावर विसंबतो, त्याला या हिशेबात फक्त दहावा हिस्सा मिळाला आहे.

पत्र्याची सावली आणि कडुनिंबाची सावली

झाडाखाली हवेचं तापमान आजूबाजूपेक्षा फार कमी नसतं, बहुधा एक-दोन अंशांचाच फरक असतो. म्हणून काही जण म्हणतात, झाडानं असा काय फरक पडतो? पण काळा गोळा झाडाखाली नेला की त्याचा आकडा झपाट्यानं उतरतो, कारण सूर्याची थेट धग तुटते आणि पायाखालची जमीनही तापलेली नसते.

आता पत्र्याचं शेड घ्या. ऊन तेही अडवतं. पण पत्रा स्वतः इतका तापतो की हात लावता येत नाही, आणि ती धग तो खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर सोडत राहतो. पानाचं तसं होत नाही. मुळांनी ओढलेलं पाणी पानातून वाफ होऊन बाहेर पडतं आणि पान भर उन्हातही हवेच्या तापमानाच्या आसपासच राहतं. म्हणजे आपल्याला घाम येतो तसा झाडालाही येतो, असं समजा. झाडानं दिवसभरात १०० लीटर पाणी बाहेर टाकलं तर त्या वाफेसाठी सुमारे ६७ युनिट विजेइतकी उष्णता खर्च होते. दुष्काळात झाड पाणी वाचवतं, तेव्हा हा गारवा कमी होतो, पण पानं टिकून असतील तर सावली राहतेच.

मग नुसती हिरवळ लावली तर? इस्रायलच्या नेगेव वाळवंटात केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात उघड्यावरच्या हिरवळीनं हवा फारशी गार झाली नाही, पाणी मात्र तिनंच सगळ्यात जास्त घेतलं. झाडाखालच्या हिरवळीला बरंच कमी पाणी लागलं आणि सगळ्यात चांगला गारवाही तिथंच मिळाला. मराठवाड्यानं हे लक्षात ठेवावं. आपल्याकडे लॉनपुरतं पाणी नाही, पण कडुनिंबापुरतं आहे.

रात्रीचं गणित वेगळं असतं. दिवसभर तापलेली जमीन आणि भिंती रात्री आपली उष्णता आभाळाकडे सोडतात. तेव्हा वर दाट छत्र असेल तर ती अडते. म्हणूनच दुपारी पाराखाली आणि रात्री माळवदावर, ही जुन्या माणसांची रीत बरोबर होती.

सावली हिशेबातून गळते तेव्हा

१६ एप्रिल २०२३. नवी मुंबईत खारघरच्या मोकळ्या मैदानावर एका पुरस्कार सोहळ्यासाठी लाखो लोक जमले होते. त्या दिवशी तापमान सुमारे ३८ अंश होतं. आपल्या भागात या आकड्याला कुणी उन्हाळा म्हणणार नाही. पण किनाऱ्याची दमट हवा, डोक्यावर छत नाही आणि तासन्‌तास एका जागी बसून राहायचं. दहाहून अधिक माणसं उष्माघातानं गेली. तापमापकावरचा आकडा 'साधा' होता, अंगावर पडलेला भार साधा नव्हता.

आपल्या रस्त्यांवरही हेच हळूहळू घडतं. एकेकाळी रस्ता म्हणजे चालणाऱ्याची वाट होती, म्हणून झाड हा रस्त्याचाच भाग होता. दुतर्फा कडुनिंब, चिंच, वड आणि त्यांच्या खोडांवर गेरू-चुन्याचे पट्टे, हे चित्र तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. मोटारी आल्या, वेग वाढला आणि झाड अडथळा ठरलं. गाडीच्या काचा बंद करून वातानुकूलन लावणाऱ्याला सावली लागत नाही. सोलापूर-हैदराबाद रस्ता चौपदरी झाला. प्रवास जलद झाला आणि ते हवंच होतं. पण जळकोटच्या थांब्यावर बसची वाट पाहणारी म्हातारी, तुळजापूरला पायी निघालेले भाविक आणि दुभाजकातलं गवत काढणारी बाई आजही गाडीत नाहीत, रस्त्यावर आहेत. रस्ता किती मिनिटं वाचवतो हे मोजलं गेलं. त्यांच्या डोक्यावर किती धग वाढली, हे कुणी मोजलं नाही.

याला दुसरी बाजूही आहे. २०२० साली सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा जुना वड महामार्गात जाणार होता. तो सुमारे चारशे वर्षांचा मानला जात होता. लोक उभे राहिले, विषय मंत्र्यांपर्यंत गेला आणि रस्त्याच्या आखणीत बदल होऊन वड वाचला. म्हणजे रस्ता आणि झाड यांतलं एकच निवडावं लागतं असं नाही. कुणीतरी वेळेवर विचारावं लागतं, इतकंच.

कायद्यालाही सावली अगदीच अनोळखी नाही. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यानं कामाच्या जागी पिण्याचं पाणी, प्रथमोपचार पेटी आणि मुलांसाठी व विश्रांतीसाठी सावली देणं बंधनकारक केलं होतं. बघा, पुन्हा तीच यादी: औषध, पाणी, सावली.

आता आपण काय करायचं?

घरासाठी:
- झाड घराच्या पश्चिमेला लावा. दुपारनंतरचं तिरपं ऊन भिंतीला सगळ्यात जास्त तापवतं.
- कडुनिंब, करंज, चिंच, वड, पिंपळ ही आपल्या हवामानाची झाडं. कडुनिंब आणि करंज यांना ऐन उन्हाळ्यापर्यंत नवी पालवी येते. गुलमोहर दिसतो सुंदर, पण गरज असते तेव्हा त्याची सावली विरळ असते. वड-पिंपळ घराला खेटून लावू नका, मुळं भिंतीत शिरतात.
- पत्र्याचं घर किंवा शेड असेल तर पत्र्यावर पांढरा रंग द्या किंवा कडबा, पाचट पसरा. चुलीची ठिणगी तिथं पोचणार नाही एवढं मात्र पाहा.

गावासाठी:
- बसथांबा, शाळा, बाजारतळ, उपकेंद्र आणि स्मशानभूमी या पाच जागांची यादी ग्रामसभेत मांडा. तिथं माणसाला थांबावंच लागतं. पहिलं झाड तिथं लावा आणि त्याचं पहिल्या तीन उन्हाळ्यांचं पाणी कोण घालणार, त्याचं नाव ठरवा.
- असलेलं मोठं झाड वाचवणं हे दहा रोपं लावण्यापेक्षा मोठं काम आहे. रोपाची सावली अंगावर पडायला दहा-पंधरा वर्षं जातात.

स्वतःसाठी:
- रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, काही मानसिक आजारांची औषधं आणि सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या उष्णता सोसण्याची ताकद कमी करतात. त्या स्वतःहून बंद करू नका. उन्हाळ्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्या.
- उन्हात काम असेल तर तासातून काही मिनिटं झाडाखाली बसा. तहान लागायची वाट न पाहता पाणी प्या.
- उन्हात कुणी बरळू लागलं, तोल जाऊ लागला किंवा बेशुद्ध पडलं तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा. माणसाला झाडाखाली न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. या माणसासाठी पहिली काही मिनिटं औषधापेक्षा मोलाची असतात, आणि ती बहुधा रस्त्याकडेलाच जातात. तिथं झाड आहे की नाही, यावर बरंच काही अवलंबून असतं.

पुढच्या वेळी तुम्ही चक्कर आल्याची तक्रार घेऊन आलात आणि मी रक्तदाब मोजण्याआधी "सावली कशाची होती?" असं विचारलं, तर हसू नका. ते तपासणीतच येतं.

काळजी घ्या.